अण्णांच्या जर्सीची लोकर

लोकर ओठांवर घासून बघायची असते, हे मला आमच्या वहिनीनं शिकवलं. आणि सांगलीच्या गणपती पेठेत, गिऱ्हाइकांनी भरलेल्या दुकानात, ओठांवर लोकर घासत उभ्या असलेल्या बाईची नणंद म्हणून शेजारी उभं राहायची वेळही तिनंच माझ्यावर आणली. लोक तिच्याकडं बघत होते आणि मी आपली माझ्या चपलेकडं.

"वयनी, बास की गं," मी हळूच म्हटलं.

"थांबा वन्सं. बोटास्नी कळत न्हाई. भांडी घासून घासून मेलेली असत्यात बोटं. ओठाला बरूबर कळतं."

संयोगिता तिचं नाव. माझ्या थोरल्या भावाची, शंभूदादाची बायको. माहेर कोरेगावकडचं. नाव राणीसारखं आणि अंगानं अशी की फुंकर मारली तर उडून जाईल. कुपवाडला एमआयडीसीच्या मागं त्यांच्या दोन खोल्या. दादा एका वर्कशॉपमध्ये लेथवर असतो, आणि घरात खिडकीखाली वहिनीचं विणायचं मशीन. मी सांगलीतच दिलेली, स्कूटी काढली की लगेच तिथं. त्यामुळं त्या घरातलं काही माझ्यापासून लपत नाही. कुणी लपवायला गेलं तर मी भडकते, हे सगळ्यांना माहीत आहे.

मशीन बघायला साधंच. टेबलाला एक लांब पट्टी घट्ट बसवलेली, पट्टीत आकडीच्या तोंडाच्या सुया ओळीनं उभ्या, आणि त्यांच्यावरून हातानं सरकवायची एक गाडी. गाडी या टोकाकडून त्या टोकाला नेली की एक ओळ विणून होते. बघणाऱ्याला वाटतं, त्यात काय एवढं! मलाही वाटलं होतं. एकदा हौसेनं हात लावला आणि वहिनीनं सकाळपासून विणलेलं सगळं एका दमात खाली पाडलं. तिनं फक्त "असू द्या" म्हटलं. मी असते तर मी त्या नणंदेला घराबाहेर काढलं असतं.

हातातल्या सुयांवर कसलीही लोकर चालते, जाड म्हणा, गाठीची म्हणा. मशीन मात्र जावयासारखं लाडावलेलं. त्याला जाड धागा नको, केसाळ नको, कडक पिळाचा नको, मध्येच बारीक होणारा नको. नको ती लोकर लावली की सुया टाके सोडतात, गाडी अडते, आणि जोर केला तर सुईच मोडते. म्हणून वहिनी लोकर घ्यायला गेली की तासन्‌तास दुकानातून हलायची नाही. ओठांवर घासायची, कानाजवळ धरून ताणायची, पिळाच्या उलट फिरवून बघायची. शाळेचे स्वेटर, बाळंतविड्यातली टोपडी-मोजे, सगळ्या कुपवाडला तिनं विणून घातलं. आता कोण विणून घेतंय? तयार स्वेटर दुकानात टांगलेला असतो, आणि खरं सांगायचं तर सांगलीत स्वेटर घालण्याएवढी थंडी पडतेच किती दिवस. मशीनवर फडकं पडून राहायला लागलं.

ते मशीन माझ्या वडिलांनी आणलं होतं. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, नाव हंबीरराव. मराठा पलटणीत हवालदार होते. शेवटचं पोस्टिंग पंजाबात, तिथून येताना लुधियान्याला उतरून त्यांनी हे मशीन जुन्यात घेतलं आणि होल्डॉलमध्ये गुंडाळून मिरजेपर्यंत आणलं. वहिनी तेव्हा नवी नवरी. चुलीपुढं रडायची, पोळी जमत नाही म्हणून आई बोलायची. अण्णांनी मशीन टेबलावर चढवलं आणि आईच्या देखत तिला म्हणाले, "पोरी, ही तुझी रायफल. रोज साफ करायची, तेल द्यायचं, आणि कुणाच्या हातात द्यायची न्हाई. सासूच्या तर अजिबात न्हाई."

आई चार दिवस बोलली नाही. अण्णांना त्याचं काही नाही. दुपारी सून मशीनवर आणि सासरा समोर स्टुलावर, विणकामाला खाली ताण द्यायची वजनं सरकवत बसलेला. रस्त्यानं जाणारे बघायचे. वहिनीनं पहिला स्वेटर अण्णांसाठी विणला, मोरपंखी, एक बाही लांब आणि एक आखूड. तो घालून अण्णा सगळ्या मार्केट यार्डात हिंडले. "सुनंनं केलाय," म्हणून हळदीच्या व्यापाऱ्यांना थांबवून थांबवून दाखवला. वहिनीला स्वतःचा बाप लहानपणीच गेलेला. तिला त्या दिवशी बाप मिळाला, असं तीच म्हणते.

अण्णा युद्धाच्या गोष्टी सांगायचे नाहीत. एकच गोष्ट सांगायचे, दर थंडीत, चहा पिताना. बर्फातल्या चौकीवर माणदेशातला एक जवान गेला. त्याचं सामान घरी पोचवायचं काम अण्णांवर आलं, कारण गाव जवळचं. ट्रंक घेऊन गेले. म्हातारी दारातच बसलेली. रडली नाही, काही नाही. एवढंच विचारलं, "थंडी लय हुती का वो तितं?" अण्णा म्हणाले, "जर्सी हुती आंगात, मावशी. थंडीत न्हाई ग्येला तुमचा." मग तिनं ट्रंकेला हात लावला.

"खरं हुतं का अण्णा?" आम्ही विचारायचो.

"चा निवला," म्हणायचे, आणि उठायचे.

आई गेली आणि त्यानंतर अण्णांचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, किल्ल्या, मग गल्ली, मग माणसं. मला अजून कधीतरी माझ्या नावानं, रेश्मा म्हणून, हाक मारतात, दादाला "सायब" म्हणतात. वहिनीला मात्र पार विसरले. जिनं रोज अंघोळ घातली, घास भरवला, तिलाच. माझा जीव तिळतिळ तुटायचा. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, यावर औषध नाही. आणि गेल्या थंडीत छातीत कफ भरला तेव्हा दवाखान्यातून सोडताना दुसरी गोष्ट सांगितली. छाती अजिबात उघडी पडू देऊ नका, पुन्हा असं झालं तर निभणार नाहीत.

हे सांगायला सोपं. अण्णांच्या डोक्यात आता एकच काळ उरलाय, पलटणीचा. ट्रंकेतून त्यांनी स्वतःच आपली जुनी जर्सी काढली. हिरवट खाकी, खांद्याला आणि कोपराला कापडी ठिगळं असलेली, फौजेत मिळते ती. ती एकदा अंगात चढवली आणि मग दिवसरात्र तीच. दुसरं काही घालायला गेलं की म्हणायचे, "ह्यो माझा किट न्हाई." शाल दिली तर घडी घालून पायथ्याशी ठेवायचे. मोरपंखी स्वेटर वहिनीनं पुढं केला, तर हसले. "बायकांचा हाय ह्यो," म्हणाले. ती हसली त्यांच्याबरोबर. मी आत जाऊन पाणी प्यायले.

आणि ती जर्सी किती दिवस टिकणार? काखेत फाटली, कोपराची ठिगळं लोंबायला लागली, छातीवर तर चाळण. आत बोट घातलं की बनियन लागायचा. दिवाळी होऊन गेली, कुपवाडच्या माळावर पहाटेचं धुकं यायला लागलं, आणि अण्णा खोकायला लागले.

दादानं पुरुषांचा उपाय केला. तशीच दिसणारी तयार जर्सी कुठून तरी आणली. अण्णांनी हातात घेतली, गळ्याची पट्टी उलटून आत बघितलं आणि दादाकडं अशा नजरेनं बघितलं की तो एवढा बाप्या माणूस मागं सरला. "नंबर कुटं हाय? चोरीची हाय ही. कुनाची आणलीस?" फौजेत प्रत्येकाच्या कपड्यावर त्याचा नंबर असतो. दुसऱ्याचा कपडा अंगात घातला तर इज्जत जाते, असं ते आम्हाला लहानपणीच सांगायचे. जर्सी त्यांनी दाराबाहेर टाकली.

तेव्हा वहिनीच्या मनात ते आलं. आमच्याकडं स्वेटर कधी टाकत नाहीत, उसवतात. दादाचा लहानपणीचा स्वेटर उसवून माझा झाला, माझा उसवून कानटोपी झाली, तिचे पुढं मोजे झाले. लोकर तीच, माणसं वेगळी. वहिनीला वाटलं, अण्णांची जर्सी उसवावी, लोकर धुवावी, आणि तीच लोकर, त्याच मापात, घट्ट विणावी. लोकर त्यांचीच, नंबर त्यांचाच, मग कोण नाही म्हणणार?

मीही म्हटलं, "वा!" माझीही अक्कल तेवढीच.

तिनं आधी कडा तपासल्या. कडा कापून शिवलेल्या असल्या तर उसवायचं नाही, दर ओळीला तुकडा हातात येतो. या जर्सीच्या कडा विणलेल्या होत्या. "उसवंल," ती म्हणाली, आणि अण्णा अंघोळीला बसले तेव्हा जर्सी उचलली.

मी खुर्चीच्या पाठीवर लोकर गुंडाळत होते, ती गळ्याकडून ओढत होती. पहिल्या चार ओळी सुरेख आल्या. मग धागा तुटला. जोडला, परत तुटला. वहिनीनं जर्सी उजेडात धरली आणि तिचा चेहरा उतरला. आई दर थंडीच्या शेवटी ती जर्सी सोड्याच्या उकळत्या पाण्यात बुचकळायची. इतकी वर्षं. लोकरीचे केस एकमेकांना चिकटून दाबून केलेल्या नमद्यासारखे झालेले. धागा धागा राहिलाच नव्हता, ओढला की कापसासारखा निसटत होता.

"अगं मग थांब की!" मी ओरडले.

"थांबून काय करू वन्सं? छातीचा भाग गेला की."

तिनं होतं तेवढं उसवलं. साबणाच्या पाण्यात धुतलं, लडी बांधून खाली पाट्याचा वरवंटा टांगला, म्हणजे लोकरीचे वेढे सरळ होतात. मग एक बारीक धागा सोबतीला जोडून मशीनवर लावलं. हातभर विणून झालं की तटकन धागा तुटायचा आणि वजनांसकट सगळं काम जमिनीवर. परत लावलं, परत पडलं. ती रडली नाही. रडली असती तर मी निदान तिला झापलं तरी असतं. तिनं मशीनवर फडकं टाकलं आणि भात लावायला गेली.

इकडं अण्णा बनियनवर, गोधडीत. गोधडीही खांद्यावर राहायची नाही. दर थोड्या वेळानं हाक, "अवो बाई, माझी जर्सी आली का?"

"येती जी. डेपोतनं निघालीया," वहिनी आतून म्हणायची.

"कवा निघाली?"

"सकाळच्याच गाडीनं, जी."

त्यांच्या भाषेत बोलायला तिला कुणी शिकवलं कोण जाणे. अण्णांचं तेवढ्यापुरतं समाधान व्हायचं. मग परत खोकला, परत हाक.

आता नव्या लोकरीशिवाय गत्यंतर नव्हतं. आणि इथं मी माझं शहाणपण पाजळलं. म्हटलं, जुनी जर्सी टोचायची ना? अण्णांना टोचणारीच लोकर लागते ना? मग आटपाडीकडं मेंढरांच्या लोकरीचं सूत काततात, घोंगड्याचं, ते आणू. एसटीनं गेले, ओळखीच्या घरी बसले, चहा प्यायले, सूत घेऊन आले. असं मस्त काळंभोर, मेंढराच्या वासाचं. वहिनीनं ओठांवर घासलं आणि तिच्या ओठावर लाल रेघ उमटली. तरी माझं मन राखायला म्हणून तिनं ते मशीनवर लावलं. गाडी अर्ध्यात अडली. तिनं हळूच ढकललं, आणि कट्‌ असा आवाज आला. सुयांच्या तोंडावर बारीक झडप असते, ती तुटली होती.

"वन्सं, ही लोकर माणसासाठी चांगली हाय," ती म्हणाली. "मशीनसाठी न्हाई."

"मग आधी बोलायचं होतंस ना, बाई!"

"तुमी एवढ्या लांबनं आणली," म्हणाली. घ्या. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? मला तर भांडल्याशिवाय जेवण जात नाही.

अशा रीतीनं आम्ही गणपती पेठेत सुमंतशेठच्या दुकानात आलो आणि मी चपलेकडं बघत उभी राहिले. सुमंतशेठ वहिनीला जुने ओळखतात. एकेक रंग काढून समोर ठेवत होते. "ही घ्या ताई, एकदम लोण्यासारखी. हल्ली सगळे हीच नेतात."

वहिनीनं ओठांवर घासली. "लय मऊ हाय."

"मऊच लागते की सगळ्यांना!"

"ह्यास्नी टोचाया पायजे."

शेठनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "आमचे वडील आहेत हो. फौजेतले." मग त्यांना काय वाटलं, गडी नसताना स्वतः माळ्यावर चढले. बराच वेळ खुडबुड. खाली आले ते डोक्यावर जळमटं घेऊनच, आणि हातात धूळ बसलेले लोकरीचे कोन. कुठल्या तरी कॉलेजच्या एनसीसीसाठी कधी काळी मागवलेला माल, उरलेला. "जुना आहे, परत घेणार नाही बरं का," म्हणाले.

वहिनीनं पदरानं कोन पुसला. हिरवट खाकी. तिनं धागा ताणला, कानाशी धरला, ओठांवरून फिरवला, मग गळ्यावरून. एक तुकडा तोडून दुकानाबाहेर गेली आणि फुटपाथवर उकिडवं बसून काडी ओढली. प्लास्टिकचा धागा असला तर वितळून मणी होतो. हा चुरचुरत जळाला, राख झाली, बोटांत चुरली.

"वन्सं, वास घ्या! केसाचा वास हाय! लोकर हाय वो, खरी लोकर!"

रस्त्यावरचे लोक बघत होते. या वेळेला मला काही वाटलं नाही. कित्येक महिन्यांनी तिचे दात बघितले मी. मीही बसले तिच्याशेजारी, फुटपाथवर, आणि आम्ही दोघी जळक्या लोकरीचा वास घेत वेड्यासारख्या हसत होतो.

घरी आल्यावर तिनं सगळं रीतसर केलं. मोडलेली सुई काढून दुसरी बसवली. मेणबत्तीच्या तुकड्यावरून धागा फिरवून लोकर परत गुंडाळली, म्हणजे सुयांवरून सुळकन जाते. आधी हातरुमालाएवढा नमुना विणला, धुतला, वाळवला, किती आटतो ते बघितलं, आणि मग टाके धरले. अण्णा झोपलेले असताना वितीनं त्यांचं माप घेतलं. छाती केवढी होती त्या माणसाची, आणि आता वितीत मावायला लागली होती. ती म्हणाली, "जुन्याच मापाची करते. आत बनियन आन शर्ट घालाया जागा ऱ्हाईल." मला माहीत होतं, तिला आताचं माप विणवत नव्हतं.

मशीन चाललं. मी दारातून आत येतानाच आवाज ऐकला, खर्र खर्र, इकडून तिकडं, एकसारखा. अण्णाही ऐकत होते. मान हलवत होते. मला वाटलं, ओळखलं की काय! मी म्हटलं, "अण्णा, कशाचा आवाज हाय सांगा?"

"रेल्वे," म्हणाले. "पठाणकोट आलं."

जर्सीचे भाग तयार झाले. शिवायला मात्र तिनं जुन्या जर्सीचाच धागा घेतला, त्यातले त्यात धड तुकडे निवडून. खांद्यावरची, कोपरावरची कापडी ठिगळं जुनीच उसवून नव्यावर बसवली. आणि सगळ्यात शेवटी गळ्याच्या आत जुनी पट्टी शिवली, अण्णांचा नंबर आणि नाव असलेली. शाई फिकी पडली होती, पण वाचता येत होतं. दादानं जर्सी हातात घेतली आणि कितीतरी वेळ खाली ठेवली नाही. "तीच हाय की गं," म्हणाला. माझ्या भावाला कौतुक करताना मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं.

रविवार होता. दादा घरी, मी सकाळीच पोचले, हवेत चांगलाच गारठा. अण्णा खाटेवर, गोधडी पायावर, अंगात बनियन. रात्रभर खोकले होते. वहिनीनं जर्सी दोन्ही हातांवर ठेवली, त्यांच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "जी, जर्सी आली."

अण्णांनी घेतली. गालाला लावली. टोचली असणार, कारण मान हलवली. शिवण ओढून बघितली, कोपराच्या ठिगळावर बोट फिरवलं. "पक्की हाय," म्हणाले. दादानं माझा दंड धरला. वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ती ते पुसतही नव्हती. मी मनात म्हटलं, देवा, एवढं घालू दे त्यांना. मला परत काही मागायचं नाही.

मग त्यांनी गळा उलटला. पट्टीवर बोट ठेवून एकेक आकडा वाचला, मोठ्यानं. सगळा नंबर बरोबर. मग नाव वाचलं. हंबीरराव.

"व्हय अण्णा!" दादा म्हणाला. "तुमचीच हाय!"

अण्णा उठून उभे राहिले. कुणाचा हात न धरता, ताठ. कितीतरी दिवसांनी मी त्यांना असं उभं बघितलं.

"ह्यो माझ्यासंगट हुता," म्हणाले. "लय वर्सं हुता. चांगला गडी. ह्यो ग्येला."

दादा म्हणाला, "अण्णा, आवं, तुमीच—"

"ग्येला म्हन्तो न्हवं!" असं ओरडले की खोकल्याची उबळ आली. खोकला थांबेपर्यंत जर्सी छातीशी धरून ठेवली होती. मला वाटलं, आता चढवतील. त्यांनी ती खाटेवर पसरली, बाह्या मागं दुमडल्या, हातानं सुरकुती काढली आणि चौकोनी घडी घातली, फौजेतली. मग ती घडी दोन्ही हातांवर ठेवून वहिनीपुढं धरली.

"बाई, ही त्याच्या घरी धाडा. मानूस ग्येला की सामान घरच्यांस्नी मिळाया पायजे. कोन हाय का त्याच्या घरी?"

वहिनीनं पदरानं डोळे पुसले.

"सून हाय जी," ती म्हणाली.

अण्णांनी जरा विचार केला. उघड्या दंडांवर काटा आला होता, हनुवटी थडथडत होती.

"मग तिला सांगा," म्हणाले, "थंडीत न्हाई ग्येला म्हनावं. जर्सी हुती आंगात."

वहिनीनं दोन्ही हात पुढं करून घडी घेतली.

"सांगते जी," म्हणाली.